तिसरा मागे राहतो

रुस्तावीच्या बाजारात सकाळी सातला पोचलो,
तरी बॉनेट कोमट.
मालखाझला फोनवर बजावलं होतं,
गाडी थंड ठेव, चावी मी लावणार.
म्हणाला, जागा बदलायला जरा हलवली, एवढंच.
बत्तीस वर्षं मी हे 'एवढंच' ऐकतोय.

लामाराबाई मागे उभ्या, पर्स पोटाशी धरून.
तिबिलिसीत पियानो शिकवतात.
मुलगी लग्न होऊन तेलावीला,
आणि घाटातली मिनीबस आता गुडघ्यांना झेपत नाही.
पैसे बिस्किटांच्या डब्यातून आलेले,
नोटांना अजून व्हॅनिलाचा वास.

फडक्यात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवलं.
चिकटलं, चिकटलं, मागच्या चाकावर घसरलं:
आत पुट्टी.
सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला,
गाळाची रेघ नाही, म्हणजे निदान पुरातून आलेली नाही.
मीटर म्हणतो ऐंशी हजार.
ब्रेकच्या पायपट्टीचं रबर मात्र
चर्चच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत.
मीटर मागे फिरवता येतो,
झिजलेलं कुठून परत आणणार?

मग इंजिन.
इथे एक गोष्ट सांगायला हवी,
जी बाजारात कुणालाच ठाऊक नाही:
मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत.
आधी चिमण्या गेल्या, मग नातवाची शिट्टी,
मग बेअरिंगं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवतो,
मूठ कानामागच्या हाडावर,
आणि हाडाला कळेल तेवढंच माझं.
गिऱ्हाइकाला वाटतं, काय जुनी विद्या आहे!

हाड म्हणालं, ठीक.
मी मान हलवणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या,
"चारांतला एक मागे राहतो."
पर्सवर बोटांनी वाजवून दाखवलं.
तीन बोटं वेळेवर, अनामिका किंचित उशिरा.
"माझ्या वर्गात निकाचं बोट असंच.
मी दोन वर्षं सराव घेतला त्याच्याकडून,
नंतर कळलं, लहानपणी मोडलं होतं."

मालखाझ हसला.
मी नाही हसलो.
एकेका कॉइलची वायर काढत गेलो,
पहिलीला इंजिन लंगडलं, दुसरीला लंगडलं,
तिसरीला जेमतेम.
कॉइलींची अदलाबदल केली, प्लगांचीही.
दोष त्यांचा असता तर त्यांच्याबरोबर गेला असता.
"आता?" मी विचारलं.
बाईंनी डोळे मिटले.
"तिथेच आहे."
गेज लावला. तीन सिलिंडरांत काटा बारावर,
तिसऱ्यात सातावर.
मालखाझने किंमत उतरवली, मग आणखी उतरवली,
मग माझ्या आईचा उद्धार केला.

दुपारी घेतली ती
मार्नेउलीच्या वागिफ नावाच्या गुरांच्या डॉक्टरची,
मातकट रंगाची, टपावर गारांचे खड्डे,
आत मेंढ्यांच्या औषधाचा वास
आणि एक वही: तेल कधी बदललं,
कुठल्या गावाहून येताना पट्टा तुटला,
कुठे कोकरू मागच्या सीटवर जन्मलं.
चुंबक सगळीकडे चिकटलं.
बाईंनी बराच वेळ ऐकलं,
एकदा पायाने ताल धरला,
आणि डब्यातले पैसे मोजले.

मी माझा हिशेब घेतला, निम्माच.
त्यांनी विचारलं नाही का, मी सांगितलं नाही.
घरी निघालो, माझी गाडी चालू केली.
त्यांनी काचेवर टकटक केलं.
"तुमचा कुठलासा पट्टा ओरडतोय,
वरच्या सा-च्याही वर.
सकाळी मला घ्यायला आलात, तेव्हाही ओरडत होता."

मी इंजिन बंद केलं.
पुन्हा चालू केलं.
मला तर सगळं गुपचूप वाटत होतं.